भाकरीचा पाचवा तुकडा

भाकरी गोल असते यात दीक्षाचा काहीच दोष नव्हता. पण आठ दिवसांत तिला तो आपलाच दोष वाटायला लागला होता.

सोलापुरातल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीत ती नवीच लागली होती. काम असं, की कॉम्प्युटरवर कुठल्याही वस्तूचे आधी मोठे तुकडे करायचे आणि मग त्यांचे बारीक ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळा विटेसारखा सहा बाजूंचा हवा. कुठं निमुळतं टोक आलं की सॉफ्टवेअर तो ठोकळा लाल करून दाखवतं आणि पुढं हलायचं नावच घेत नाही. सगळे नीट बसले, तर वस्तू नेमकी कुठं तुटेल ते कळतं. दीक्षानं आजवर पंपाचे पंखे असे ठोकळ्यांत बसवले होते. मग कडक भाकरीच्या कारखान्याचे सिद्रामप्पा आले.

त्यांच्या भाकऱ्यांचा पुण्याला पोचेपर्यंत पार्सलात चुरा व्हायचा. एका यंत्रवाल्यानं त्यांना चौकोनी भाकरी करणारं यंत्र दाखवलं होतं. त्या चौकोनी भाकरीचे ठोकळे चार सेकंदांत पडले.

"आता बावीस वर्षं आमच्यात थापनाऱ्या सावित्रम्माची गोल बसवा," सिद्रामप्पा म्हणाले. "शनवारपातुर न्हाय बसली तर यंत्र घेतो आन् बाईला घरी बसवतो. जी भाकरी कॉम्प्युटरला कळत न्हाय, ती गिऱ्हाइकाला काय कळनार?"

यावर कुणी हसलं नाही. दीक्षाच्या साहेबांनी तर ते वाक्य डायरीत लिहून घेतलं.

वर अट होतीच. "तुकडे चारच. भाकरी चतकोर मोडत्यात. पाच तुकडे आमच्यात कुनी करत न्हाय."

दीक्षानं चार केले. चारही चतकोरांची टोकं मधोमध एकत्र आली आणि तिथं कुणी चटणी ठेवल्यासारखा लाल ठिपका उमटला. सात दिवस तिनं नाना खटपटी केल्या, पण ठिपका काही हलला नाही. एका बाईची बावीस वर्षांची भाकरी आपल्या हातून जाणार, या विचारानं तिला जेवण जाईना.

शुक्रवारी सावित्रम्मा स्वतःच नवा नमुना घेऊन आली, कारण आधीचा ऑफिसातल्यांनी खाल्ला होता.

"माजी भाकरी नापास झाली म्हनं?"

"भाकरी नाही मावशी, मी नापास झाले."

सावित्रम्मानं पडद्याकडं निरखून पाहिलं. "ही अशी कुनी मोडली? चतकोर पंगतीत वाढायला. घरात कोन असं मोडतंय?"

तिनं आणलेली भाकरी घेतली, काठाला चार जागी आतवर चीर पाडली आणि चिरांमधले चारी काठ मोडले. मधे चौकोनी तुकडा उरला.

"काठ पोरास्नी. मदलं आमच्या मालकांला. दात न्हाईत की त्यांला, आमटीत भिजवून खात्यात."

दीक्षा त्या तुकड्यांकडं बघतच राहिली. मधे एक चौकोन, भोवती चार काठ, आणि टोक कुठंच नाही. तिनं अट गुंडाळून ठेवली आणि पडद्यावरची भाकरी तशीच मोडली. एकही ठोकळा लाल झाला नाही. सॉफ्टवेअरनं तुकड्यांची नावं मागितली, तेव्हा तिनं घाईघाईनं टाईप केलं: काठ एक, काठ दोन, काठ तीन, काठ चार, मालक.

शनिवारी सिद्रामप्पांनी पडद्यावर बोट ठेवून तुकडे मोजले.

"पाच? अट चारची व्हती." मग त्यांनी चष्मा लावला. "हे मदी काय लिवलंय?"

"मालक," दीक्षा म्हणाली.

"कुनी सांगितलं?"

"सावित्रम्मांनी."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. सिद्रामप्पांनी चष्मा काढून पुसला.

"आन् तुटती कुटं?"

"काठाला. डब्यात काठाला पुठ्ठा लावला की झालं. मालक शेवटपर्यंत शाबूत राहतात."

"बावीस वर्षं झाली," ते म्हणाले, "आपन त्या बाईला कदी बस म्हनलो न्हाय." आणि त्यांनी तिथूनच फोन करून यंत्रवाल्याला नको म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ते चित्र मोठं छापून कारखान्याच्या भिंतीवर लागलं. दीक्षा बघायला गेली तेव्हा सावित्रम्मा स्टुलावर बसून थापत होती. तिचा नवरा डबा घेऊन आला होता आणि मान वर करून चित्र वाचत होता.

"बगा," सावित्रम्मा म्हणाली, "तुमचंच हाय."

त्याच्या शेजारी सिद्रामप्पा हात मागं बांधून उभे होते. त्यांनीही समाधानानं मान डोलावली.