जाताना चार, येताना चोवीस

मुलीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी, एका सोमवारी टेलरमास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि तिकीट ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशाला लावली. एक टोक आपल्या शहरावर, दुसरं मुलीच्या. मधल्या समुद्रावर कागद फुगला होता, तिथे त्यांनी बोटाने टेप नीट बसवली.

"सव्वानऊ इंच," ते बायकोला म्हणाले. "अर्धी बाही."

जुळ्या झाल्यापासून ती रोज मुलीकडे जाऊ म्हणत होती आणि मास्तर गुडघे पुढे करत होते. पाच तासांवर एका जागी बसवत नाही म्हणायचे. मशीनवर बारा तास बसतात ते कुणाचे गुडघे, असं तिने विचारलं, तर मशीनवर पाय हलतात, विमानात पायडल देतात का, असं उत्तर मिळालं. एकटीने जायची तिची छाती नव्हती.

ऑफिसातल्या मुलीने कागद पुढे सरकवला. निघणार सकाळी नऊला, पोचणार दुपारी एकला. मास्तरांनी बोटांवर तास मोजले आणि तिथल्या तिथे होकार दिला. ती मुलगी काही सांगायला गेली, तेवढ्यात बायकोने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं.

विमानात मास्तरांच्या घड्याळात एक वाजला. त्यांनी बूट चढवले, पिशवी मांडीवर घेतली आणि हवाईसुंदरीला विचारलं, उतरायचं कुठल्या दाराने. अजून दहा तास आहेत, असं तिने हसून सांगितलं.

मास्तर बायकोकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"आपल्याकडे सकाळचा चहा होतो तेव्हा पोरगी तिकडे झोपायला निघते. रोज फोन मीच करते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आला असतात?"

उरलेले दहा तास मास्तर तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या ताटातलं गोड मात्र त्यांनी खाल्लं.

दोन महिने झाले. परतीच्या आदल्या दिवशी बायको सामान भरत होती. नातीचं एक झबलं तिने आपल्या कपड्यांत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मास्तर दारातून बघत होते. मग त्यांनी चष्मा लावला आणि जावयाकडून तिकीट मागून घेतलं. उद्या दुपारी तीनला निघणार, परवा दुपारी तीनला पोचणार.

"चोवीस तास," ते म्हणाले. "माझ्याच्याने व्हायचं नाही."

जावयाने एक संत्रं आणून पृथ्वी कशी फिरते ते समजावलं. मास्तरांनी सगळं ऐकलं, संत्रं सोलून खाल्लं आणि कागदावर बोट ठेवलं. जाताना चार, येताना चोवीस. येताना चढ लागत असणार. इकडे येताना चौदा तास बसून आलातच की बाबा, असं मुलगी म्हणाली, तर आपल्याला तेव्हा झोप लागली होती, काय कळणार, असं ते म्हणाले.

जावयाने मुक्कामाची मुदत वाढवून घेतली. मास्तरांनी धाकट्या भावाला फोन करून दुकानातले तीन शर्ट आणि एक कोट, कापलेले तसेच, गिऱ्हाइकांना परत करायला सांगितले. बायकोने ते ऐकलं आणि बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात लावले.

त्याच घरात, जुळ्या नऊ महिन्यांच्या असताना, एका शुक्रवारी सकाळी दहाला मास्तरांची बायको वारली. दुकानाच्या गावी तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते.