नीरजाच्या नावावर

टिंग... पडवीतली दुपार तेवढ्यापुरती तडकली आणि पुन्हा मिटली. ताटातल्या आंबापोळीची कड सुटली का ते बघणारं नीरजाचं बोट तसंच राहिलं. खोलीतला संगणक वाजला होता. पत्र आलं असणार, पुण्याहून. माणसाने लिहिलेलं नव्हे — यंत्राने.

वेद पोटात असताना ती रजेवर म्हणून रत्नागिरीला आली, ती राहिलीच. नवऱ्याच्या, हरिहरच्या आंब्याच्या बागा इथे, सासूबाई एकट्या... निघण्याआधी मात्र तिने पुण्याच्या ऑफिसात एक साखळी जोडून दिली होती : कुणीही आपला कोड सगळ्यांच्या सामाईक साठ्यात ठेवला, की यंत्राने तो आपणहून उचलायचा, जुळवायचा, तपासायचा, आणि धड असेल तर थेट सर्व्हरवर चढवायचा. मग सगळ्यांना पत्र. तिलाही. नोकरी सुटली तरी तिचा घरचा पत्ता त्यातून काढायचं कुणाला सुचलंच नाही. आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी — 'सर्व्हरवर चढवलं : नीरजा'. घाईत स्वतःच्याच खात्याने जोडलं होतं ना तिने. इथे ती वेदला भात भरवत असायची आणि तिथे तिच्या नावाने काम चाललेलं असायचं... जणू खुर्ची अजून कोमटच आहे.

तिने खोलीत जाऊन पाहिलं. आजचं पत्र लाल होतं, म्हणजे काम अडलेलं. नीरजा नावाचं खातं सापडत नाही.

कुणीतरी जुनी खाती आवरली असणार. ती बघतच राहिली, तोवर फोन वाजला. दीपक, तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"सगळं अडलंय गं. तू जोडलं होतंस, तुलाच ठाऊक."

न सांगणं किती सोपं होतं. एक संध्याकाळ तरी ते सगळे तिच्यावाचून अडून राहिले असते...

"शेवटच्या पायरीत माझं खातं आहे," ती म्हणाली. "ते काढ. तुझं घाल."

फोन कानाशी असतानाच पुन्हा टिंग. हिरवं. सर्व्हरवर चढवलं : दीपक.

तो हसला. "म्हणजे मोडलं तुझ्यामुळे. मोडेल त्याने सगळ्यांना खायला घालायचं, नियम तुझाच. आंबापोळीचा दंड लागू झाला तुला."

ती पडवीत येऊन आंबापोळी कापू लागली. एक तुकडा, अजून एक... डबा भरत आला.

"कुणाला?" वेदने विचारलं.

"माझ्या ऑफिसात." माझ्या — तोंडातून निघूनच गेलं.

"तू जाणार द्यायला?"

कुरियरने पाठवू, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि ते टेबल, तो खिडकीतला गुलमोहोर, कुणाचातरी अर्धा राहिलेला चहा, सगळं असं समोर येऊन उभं राहिलं की झाकण लावायचंच राहिलं. वेदने तिची ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मग परत येशील ना?"