पुण्याला गेलेली मुलगी

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे उज्वलाला माहेरहून मिळालेलं शहाणपण. म्हणून लेक तेजस्विनी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा आपटली, तेव्हा तिने इंदिरानगरच्या सोसायटीत आणि ओझरच्या नणंदेला सांगून टाकलं, तेजू पुण्याला क्लासला गेली. तेजू घरातच होती. एकदा सांगितलं म्हटल्यावर निभावणं आलं. पोरीने गॅलरीत यायचं नाही, कुणाचा फोन घ्यायचा नाही, बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायचं.

तेजू आधी हसली होती. लपवायचं काय त्यात, मी परत बसणारच आहे, म्हणाली होती. तिची उमेद शाबूत होती. उज्वलाला वाटलं, आपण पोरीचं नाव राखलं. कुणाचं राखलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग एका संध्याकाळी दीपमाला आली. तेजूची शाळेपासूनची मैत्रीण. तिचाही निकाल तसाच लागला होता, पण ही बया ते भेटेल त्याला सांगत सुटली होती. उज्वलाने मनातल्या मनात नाक मुरडलं. एकटीने अभ्यास होत नाही, दोघी मिळून करू, असं तिचं म्हणणं. फोन उचलत नाही, तर तेजूचा पुण्याचा पत्ता तरी द्या, मीच जाते तिकडे, म्हणाली. दाराआडून लेक ऐकते आहे, हे उज्वलाला कळत होतं. एक हाक मारली असती तर भागलं असतं. तेवढी तिची जीभ रेटली नाही.

"तिला तिथे चांगल्या मैत्रिणी मिळाल्यात," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

त्या दिवसापासून तेजूने पुस्तकाला हात लावला नाही. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा म्हणाली, माझ्याने नाही होणार. आपणच पोरीच्या पायावर धोंडा घातला, हे उज्वलाला कळून चुकलं. ती तडक दीपमालाकडे गेली, खरं ते सांगून रडली. आणि ती गुणाची पोर, पुस्तकं उचलून तिच्याबरोबर निघाली.

दीपमालाला बाहेर बसवून उज्वला आतल्या खोलीत गेली. तिने लेकीचा हात धरला.

"ती रागावलेली नाही गं. तुझ्यासाठी आली आहे. चल."

तेजूने हात सोडवून घेतला नाही, पण उठलीही नाही.

"ती येणार, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिला माझी लाज कधीच वाटली नाही. तुला वाटली, आई. आता मलाही वाटते."

दीपमाला बाहेर वाट बघत होती.