शौकतची खूण

“अहो शौकतभाई, ग्लास खाली ठेवा! हात भाजतोय तुमचा!”

दुकानातला मदतनीस मोहन ओरडला तेव्हा कुठे शौकतने हाताकडे पाहिलं. चहा आत्ताच उकळून ओतलेला. तर्जनीचं टोक लालभडक झालं होतं आणि त्याला काहीच वाटत नव्हतं. डॉक्टरांनी साखरेबद्दल बजावलं होतं, पायांना जपा म्हणाले होते. हाताचं कोणी बोललं नव्हतं.

आणि याच बोटाच्या भरवशावर त्याने अर्ध्या तासापूर्वी अबू उसामा या गिऱ्हाइकाची रायफल परत दिली होती.

रियाधच्या या बंदुकांच्या दुकानात दाभोळचा शौकत सव्वीस वर्षं दुरुस्ती करत होता. काम झालं की रायफलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर पेन्सिलने ‘शौ’ लिहायचं, ही त्याची रीत. गिऱ्हाइकांना मराठी कुठून येणार? पण ती खूण सगळे ओळखत. चाप ओढायला लागणारा जोर मोजायचा काटा खणात पडून होता. “काटा कशाला? बोट आहे ना,” असं तो ऐटीत म्हणायचा. ऐट आज नडली.

अबू उसामाची बोटं संधिवाताने सुजलेली. “चाप जड जातो, शौकत. ओढेपर्यंत नेम हलतो,” म्हणत म्हातारा सकाळी आला होता. शौकतने नवी स्प्रिंग घालून चाप हलका केला. बोटाला फरक जाणवेना, म्हणून आणखी हलका केला, मग आणखी. चाप फार हलका झाला तर साध्या धक्क्यानेही बार उडतो. म्हणून रिकामी रायफल शेवटी रबरावर आपटून बघायची असते. पण नमाजची वेळ झाली होती, शटर अर्धं खाली आलं होतं, म्हातारा दारात उभा. शौकतने “खलास, झालं!” म्हणत चिठ्ठी बांधली.

आता तो म्हाताऱ्याला फोन लावत सुटला. एकदा, दोनदा. कोणी उचलेना. म्हातारा नातीला घेऊन थेट शेतावर निघाला होता आणि शेवटचा रस्ता सगळा खड्ड्यांचा.

“स्प्रिंग खराब निघाली म्हणून सांगा,” मोहन हळूच म्हणाला. “पुढच्या महिन्यात इथे राहायचा परवाना, इकामा, संपतोय तुमचा. बोटाचं कळलं तर मालक, आपला कफील, तो वाढवणार नाही, घरी पाठवेल.”

“स्प्रिंग खराब नाय, मोहन. माझा बोट गेलाय.” शौकतने पुन्हा नंबर दाबला. “त्या पोरीला काय झाला तर मी घरी जाऊन तरी काय तोंड दाखवू?”

चौथ्या वेळी म्हाताऱ्याने फोन उचलला.

“अबू उसामा, गाडी थांबवा. रायफल भरलीय?”

“अजून नाही. शेतावर पोचल्यावर भरणार. का?”

“भरू नका. परत आणा. माझ्या बोटाला आता कळत नाही. मी चुकलो.”

पलीकडे गाडीचा ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग म्हातारा म्हणाला, “येतो.” शौकत तिथेच खुर्चीत बसला आणि त्याला रडू आलं.

म्हातारा आला, नात त्याचं बोट धरून. शौकतने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, घोडा चढवला आणि खांद्याला टेकवायचा कुंदा रबरावर आपटला. चापाला कुणी हात लावला नव्हता, तरी आतून खट् आवाज झाला. पोरगी दचकली. म्हाताऱ्याने तिला जवळ ओढलं.

शौकतने जुनी स्प्रिंग परत बसवली. खणातला काटा काढला, चापाला अडकवला आणि म्हणाला, “मोहन, आकडा तू वाच.” मोहनने वाचला. मग रायफल तीनदा आपटून झाली. काही हललं नाही.

“पहिल्यासारखा जड आहे,” शौकत म्हणाला. “हलका करायला दुसऱ्या कारागिराकडे न्या. कफीलला मी संध्याकाळी सांगतोच.”

म्हातारा मोहनने बांधलेली नवी चिठ्ठी उलटसुलट करून बघत होता. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. त्याने ती शौकतपुढे धरली.

“तुझी खूण कुठेय?”

“मोहन करेल सही.”

“त्याची मी ओळखत नाही.”

शौकतने पेन्सिल घेतली. ती बोटांत नीट धरली गेलीय ना, हे त्याने आधी डोळ्यांनी पाहून घेतलं. मग सावकाश ‘शौ’ लिहिलं.