एका हिवाळ्याची मेथी

पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून शकुबाईने मेथी बादलीत हळूच बुडवली, हळूच वर काढली आणि पंच्यात बांधलेलं ओलं गाठोडं पदराखाली धरून ती मागच्या पायरीवर आली. आपल्याच घरात आपण चोर झालो, असं तिच्या मनात आलंच. पुढच्या खोलीत तिचा नवरा झुंबर खाटेवर पडून होता. त्याचे डोळे मिटलेले होते, पण झोप लागली होती की नाही कोण जाणे.

पंच्याची टोकं मुठीत आवळून तिने गाठोडं गरकन फिरवलं. ते सरळ तिच्याच गुडघ्यावर येऊन आदळलं. साडी भिजली, आणि शेजारच्या सुमनबाईंचं डोकं कुडावरून वर आलं.

"अगं बाई, तुम्ही कशाला? हे तर झुंबरभाऊंचं काम."

"हळू बोला ना," शकुबाई कुजबुजली.

काम झुंबरचंच होतं, थेट लग्न झाल्यापासून. नव्या नवरीने ओली मेथी तशीच कढईत टाकली, तेल उडालं आणि तिचं मनगट भाजलं. "आण इकडं," झुंबर म्हणाला होता. लहानपणी नामपूरकडे बाजरीच्या राखणीला माचावर उभं राहून त्याने पाखरांवर गोफण चालवली होती. तशीच त्याने मेथी पंच्यात बांधून डोक्यावरून गरगर फिरवली. पाणी चहूकडे उडालं आणि भाजी अशी कोरडी झाली की कढईत नुसती चुर्र म्हणून बसली. त्या दिवसापासून घरात रिवाजच पडला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात दिवसभर कोळशाचा फुफाटा खाऊन तो सायकलवरून नाशिकरोडच्या वस्तीत यायचा, हातपाय धुवायचा आणि चहाच्याही आधी विचारायचा, "आज गोफण हाय का?"

एरवी घरात इकडची काडी तिकडे करणारा हा माणूस नव्हे. स्वतःच्या जेवणाचं पाणीसुद्धा त्याने कधी हाताने घेतलं नाही. पण भाजी धुतली की शकुबाई गाठोडं पुढे करायची आणि तो पायरीवर उभा राहायचा. त्या घटकाभरात दोघांचं दिवसभराचं बोलणं होऊन जायचं. पायरीशेजारी फुटक्या घमेल्यात पुदिना होता. त्याला मुद्दाम पाणी कुणी घातल्याचं आठवत नाही. गोफणीच्या शिंतोड्यांवरच तो माजला होता.

त्यांचा मुलगा जयराम कुवेतला वेल्डर होता. दोन वर्षांपूर्वी गावी परतणाऱ्या कुणाबरोबर त्याने एक खोकं धाडलं, निरोप काहीच नाही. आत पांढरं प्लॅस्टिकचं भांडं, भांड्यात जाळीची टोपली, वर झाकण आणि झाकणाला गरागरा फिरणारी मूठ. अर्धी वस्ती बघायला लोटली. हे ताक घुसळायचं यंत्र, असा निकाल सुमनबाईंनी दिला, आणि त्यांचं ऐकून शकुबाईने त्यात घरचं दही ओतलं. दही जाळीतून तळाला गेलं, मूठ वरच्यावर फिरत राहिली, आणि त्या दिवशी कढी करावी लागली.

जयराम सुटीवर आला तेव्हा उलगडा झाला. साहेबलोक यात पालेभाजीचं पाणी काढतात, असं म्हणून त्याने मेथी घालून फिरवून दाखवली. भाजी खरंच कोरडी निघाली. झुंबरला राग आला की नामपूरची बोली तोंडात यायची.

"काय शे हे? मना हात मोडना का?"

माझा हात मोडला का, हे ऐकून जयराम ओशाळला. यंत्र फळीवर गेलं. असं बोलू नये माणसाने.

यंदा दिवाळीच्या तोंडावर, कामाला निघताना सायकलवर टांग टाकतानाच झुंबर कोसळला. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आला तो पाय ओढत. जीभ थोडी जड झाली होती आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. कुणी भेटायला आलं की तो त्यावर टॉवेल टाकायचा.

शकुबाईने पालेभाजी बंद केली. त्याला आठवण नको, म्हणून बंद केली. कधी पिठलं, कधी आमटी, कधी वांगं. बाजारात मेथीचे ढीग लागले होते.

"मेथी आली नाय का अजून?" एकदा त्याने विचारलं.

"आली, पर कीड लय हाय औंदा."

ज्याने राखण केली त्याला कीड कळत नाही होय? पुढे डॉक्टरांनी पालेभाजी दिलीच पाहिजे असं बजावलं, म्हणून आज ही चोरटी धडपड चालली होती.

सुमनबाईंचं डोकं एकाएकी खाली गेलं. शकुबाईने वळून पाहिलं. दाराची चौकट डाव्या हाताने धरून झुंबर उभा होता. त्याने ओलं गाठोडं पाहिलं, भिजलेली साडी पाहिली.

"भागतंय की तुझं," तो म्हणाला आणि पाय ओढत परत गेला.

त्या दिवशी तो जेवला नाही. "मेथी हाय," ती म्हणाली. "कडू हाय," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. घास तोंडातही घातला नव्हता. शकुबाई मोरीत बसून खूप रडली. आपण जपतो जपतो म्हणताना केलं काय, ते तिला तेव्हा कळलं. हात आजाराने नेला होता. काम तिने काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्टुलावर चढून फळीवरचं यंत्र काढलं, पुसलं, धुतलेली मेथी टोपलीत घातली आणि ते घेऊन खाटेपाशी आली.

"हे फिरंना झालंय. जाम बसलंय काय की. बघा जरा."

झुंबरने तिच्याकडे पाहिलं. मूठ जाम नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. आता हा भांडं भिरकावतो की काय, अशी तिला धास्ती वाटली. मग त्याने भांडं दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं, मेलेला हात झाकणावर वजनाला ठेवला आणि डाव्या हाताने मूठ फिरवली. आधी अडखळत, मग भराभरा. आतली मेथी सरसरली. त्याचं तोंड वाकडं होतं, तरी तो हसतोय हे तिला कळलं.

"माझ्या गोफणीची सर नाय," तो म्हणाला.

"नाहीच मुळी."

"पाणी आतच ऱ्हातंय. पुदिन्याचं काय?"

तिला हात लावू न देता तो भांडं घेऊन निघाला. पायरीपर्यंत त्याला किती वेळ लागला! भांडं एकट्या डाव्या हातात होतं. अर्धं पाणी पायरीवर सांडलं, उरलेलं घमेल्यात पडलं. शकुबाई त्याच्या मागे हात पुढे करून उभी होती, पण तिने त्याला धरलं नाही.

मग रोज पालेभाजी झाली. मेथी, शेपू, पालक, चाकवत, मिळेल ते. सुमनबाई हसायच्या, "दोघं जण काय शेळ्या झालात का!" सुकत चाललेला पुदिना पुन्हा हिरवा झाला. चहाच्या आधी खाटेवरून आवाज यायचा, "यंत्र आण गं."

ऊन तापू लागलं, बाजारातली मेथी संपली. जयंतीचे निळे झेंडे वस्तीत लागायच्या आधीच, दुसऱ्या झटक्यात झुंबर गेला.

जयराम पोचला तो सगळं आटोपल्यावर. चार दिवसांनी घर आवरताना त्याला चुलीजवळ ते भांडं दिसलं. बापाने त्या भांड्यावरून केलेला संताप त्याला आठवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"आई, उगाच धाडलं मी हे. बाबांना आवडलं नाय, तुझ्या कामाचं नाय. देऊन टाकू कुणाला?"

"आलं ना कामाला."

"कधी?"

"एक हिवाळा," शकुबाई म्हणाली.

तिने जाळीची टोपली काढून बाजूला ठेवली, भांडं माठाच्या तोटीखाली धरून भरलं आणि मागच्या पायरीवर गेली. घमेल्यातला पुदिना वाळून गेला होता, बुडाशी दोन पानं तेवढी हिरवी होती. तिने भांडं डाव्या हातात घेतलं आणि पुदिन्यावर पाणी ओतलं. निम्मं पायरीवरच सांडलं.