चोखभाऊंचा काटा आणि लेकीचा अर्ज

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवून वरच्या फडताळातला डबा काढायच्या आधी जरा थांबा. मी पायरी नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी, हिरव्या रंगाचा, पोती तोलणारा. माझा रंग आता पुष्कळ ठिकाणी उडाला आहे, पण दांडी अजून ताठ आहे. समोर कुणी पोक काढून उभं राहिलं तर मला आजही राग येतो.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते निवलं, मग एका कारागिराने कानशीने माझ्या कडा घासल्या. त्याने माझ्या दांडीवर बारीक रेघा कोरल्या आणि मागेपुढे सरकणारं एक पितळी वजन बसवलं. शेवटी वजनमापं तपासणारे साहेब आले. त्यांनी आपली प्रमाणित वजनं माझ्या फळीवर ठेवली, डोळे बारीक करून दांडीकडे पाहिलं आणि माझ्या कपाळावर शिक्का ठोकला. ठोक्याने मी कळवळलो, पण खरं सांगतो, छाती फुगली माझी.

मला विकत घेतलं ते हार्डवेअरच्या एका दुकानदाराने. खिळे, तार, साखळ्या, बिजागऱ्या असा त्यांचा माल. त्यांचं तोलणं इतकं चोख, की सगळी गल्ली त्यांना चोखभाऊ म्हणायची. त्यांनी कधी कुणाला रतीभरही कमी तोललं नाही. उलट वजन बरोबर भरलं, की मूठभर खिळे आणखी टाकायचे. माझी दांडी वर उचलली जायची आणि मग ते गिऱ्हाइकाकडे असं बघायचे, जणू त्यांनीच मला घडवलं आहे. दरवर्षी साहेब तपासायला येत आणि दरवर्षी मी पहिल्या फटक्यात पास होत असे. गल्लीतल्या इतर काट्यांना पुन्हा दुरुस्तीला पाठवत, तेव्हा मी मुद्दाम तिकडे पाहत नसे. उगाच कुणाच्या जखमेवर मीठ कशाला चोळा?

चोखभाऊंना एकच मुलगी. ती लहान असताना शाळेतून आली, की दप्तरासकट माझ्यावर उभी राहायची. "बाबा, आज मी केवढ्याची?" असं विचारायची. चोखभाऊ पितळी वजन सरकवत म्हणायचे, "खिळ्याच्या एका पोत्याइतकीसुद्धा नाहीस. जेव नीट." हजारो पोती तोलली असतील मी, पण ते वजन मला अजून आठवतं.

मग एके दिवशी दुकानात डिजिटल काटा आला. लाल आकडे दाखवणारा, हलका, चकचकीत आणि जरा आगाऊ. त्याला गल्ल्याशेजारी जागा मिळाली आणि मला मागच्या खोलीत, एका लांब बाकाशेजारी सरकवलं. तेव्हापासून माझ्यावर रंगाचे डबे आले, ओल्या छत्र्या आल्या. चोखभाऊंची बायको, म्हणजे मुलीची आई, दुकानात मदतीला आली की आपली पिशवी माझ्यावर ठेवायची. तेही ठीक होतं. पण शेजारचे पेंटवाले काका बूट घालून माझ्या फळीवर पाय ठेवायचे, ते मात्र मला फार लागायचं.

या बाकाविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. गल्लीत हार्डवेअरची सहा दुकानं, पेंटवाल्या काकांचं धरून. दर सोमवारी शटर उघडण्याआधी सहाही मालक आमच्या मागच्या खोलीत याच बाकावर जमायचे. चहा व्हायचा, एकमेकांची टिंगल व्हायची आणि मग त्या आठवड्याचा गल्लीचा भाव ठरायचा. खिळे इतक्याला, तार इतक्याला, साखळी इतक्याला. ठरलं की सहाही दुकानांत तोच भाव. चोखभाऊ या बैठकीचे सेक्रेटरी होते. कुणी कुणाचं गिऱ्हाईक फोडायचं नाही, कुणी भाव पाडायचा नाही. आपल्या गल्लीत केवढी एकी आहे, याचा सगळ्यांनाच अभिमान होता. मलाही होता.

मुलगी मोठी झाली, कायदा शिकली आणि एक दिवस म्हणाली, "मला आर्थिक कायद्यात मास्टर्स करायचंय. परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करतेय."

"कायदा शिकलीस ना? मग हा आणखी कुठला कायदा?" आई म्हणाली.

"आई, बाजार नीट चालावा म्हणून जे नियम असतात ना, ते. मोठ्याने लहानाला चिरडू नये, कुणी गिऱ्हाइकाला फसवू नये."

चोखभाऊ मागून म्हणाले, "म्हणजे आपलाच धंदा की. फक्त आपण तो काट्यावर करतो आणि ही कागदावर करणार." हे ऐकून मला कोण आनंद झाला!

त्या दिवसापासून माझ्याशेजारचा बाक तिचा अभ्यासाचा बाक झाला. गुणपत्रिका, शिफारसपत्रं, भाषेची परीक्षा, सगळं तिने तिथे बसून उरकलं. राहिला होता तो एक निबंध. तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे, ते लिहा, असं विद्यापीठाने विचारलं होतं. हजारो मुलं अर्ज करतात आणि जागा थोड्या असतात. गुण तर सगळ्यांनाच चांगले असतात. त्यामुळे या निबंधावरच सगळं अवलंबून आहे, असं ती आईला सांगत होती.

तिने मनापासून लिहिलं. बाबांचा काटा कसा चोख, हे लिहिलं. (हो, मी त्या निबंधात होतो. आगाऊ डिजिटल नव्हता.) आणि पुढे लिहिलं, की आमच्या गल्लीतले सहा दुकानदार दर सोमवारी एकत्र बसून भाव ठरवतात, त्यामुळे कुणी कुणाचा गळा कापत नाही. छोट्या व्यापाऱ्यांच्या एकीचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरीकडे पाहिलं नाही. तिने तो निबंध कॉलेजातल्या मॅडमना पाठवला, कारण शिफारसपत्र त्याच देणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. मुलीने फोन स्पीकरवर टाकून माझ्या फळीवर ठेवला.

"निबंध छान उतरलाय गं," मॅडम म्हणाल्या. "पण एक सांग. सहा दुकानदार दर सोमवारी बसून एकच भाव ठरवतात, याला आपल्या विषयात काय म्हणतात?"

मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "कार्टेल."

"परीक्षेत यावर पैकीच्या पैकी मार्क घेतले होतेस तू. ज्या गोष्टीला हा कायदा मनाई करतो, तिचीच आरती ओवाळलीस की!"

"मॅडम, पुस्तकात सिमेंटच्या कंपन्या होत्या. बाबा नव्हते."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "दुसरा विषय घे, कुणाला काही कळणार नाही. नाहीतर हेच खरं खरं लिही. माझं पत्र दोन्हीला मिळेल. शुक्रवारी मुदत संपते, तेवढं लक्षात ठेव."

फोन बंद झाल्यावर तिने निबंध पहिल्यापासून पुन्हा वाचला. मला तिची फार दया आली. हे लपवलं, तर ज्या गोष्टीसाठी जायचं तीच पायदळी तुडवायची. खरं लिहिलं, तर बाबांची मान खाली घालायची.

तेवढ्यात चोखभाऊ आत आले. तिचा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? नाही म्हणाले का?"

तिने सगळं सांगून टाकलं. चोखभाऊंचा चेहरा उतरला. आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

"म्हणजे मी लबाड? अगं, कधी एक खिळा कमी दिला नाही मी कुणाला!"

"बाबा, मी तुम्हाला लबाड म्हणेन का?"

"मग? आम्ही लुबाडतो का कुणाला? आपसात भांडत नाही, एवढंच ना?"

मुलगी उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने माझ्या दांडीवर हात ठेवला. "बाबा, एखाद्या गिऱ्हाइकाला वाटलं, की आपला काटा खोटा आहे, तर तो काय करेल?"

"दुसऱ्या दुकानात नेऊन तोलून बघेल. खुशाल बघावं!"

"आणि गल्लीतले सहाही काटे एकमेकांशी ठरवून खोटे झाले असतील तर? मग तो कुठे जाऊन बघणार?"

चोखभाऊंनी खिशातला रुमाल काढला आणि उगाचच माझा शिक्का पुसला. तो शिक्का माझ्यावर कशासाठी आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मित्रांनो, कुठल्याही काट्याला स्वतःला तोलता येत नाही. मग तो कितीही चांगला असो. मीही इतकी वर्षं त्या बाकाला टेकून होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"शुक्रवारी जायचाय ना अर्ज?" शेवटी ते म्हणाले. "मग सोमवारपर्यंत थांबायला नको. आजच बोलावतो सगळ्यांना. तू लिही. बैठकीचा सेक्रेटरी मी होतो, हेही लिही. अर्धवट लिहायचं असेल तर लिहूच नको."

"मला काही झेपणार नाही हं," आई दारातून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "यांना पकडून नेलं तर डबा कोण पोचवणार?" आणि मग स्वतःच डोळे पुसत हसली.

संध्याकाळी सहाही मालक जमले. चोखभाऊ उभे राहून म्हणाले, "उद्यापासून माझा भाव माझा. तुमचा तुमचा. ही बैठक माझ्या दुकानात पुन्हा होणार नाही."

पेंटवाले काका तडकले. "चोखभाऊ, लेकीच्या शिक्षणासाठी आमच्या पोटावर पाय देता?"

"तुमचा पाय कुठे आहे तो बघा आधी," चोखभाऊ म्हणाले. काकांचा पाय माझ्यावर होता. त्यांनी तो मुकाट्याने खाली घेतला. मित्रांनो, शिक्का बसल्यानंतर इतका अभिमान मला त्याच संध्याकाळी वाटला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. बैठक पेंटवाल्यांकडे भरू लागली आणि त्यांनी साखळीचा भाव मुद्दाम आमच्याखाली आणला. आमची काही जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. चोखभाऊ दुकानात एकटेच बसलेले दिसायचे. नंतर त्या पाचांतल्याच एकाने तारेचा भाव गुपचूप पाडला, त्यांची आपसात जुंपली आणि बैठक मोडली. काकांचं आणि चोखभाऊंचं बोलणं मात्र बरेच दिवस बंद होतं.

मुलाखतीच्या दिवशी मुलीने मागची खोलीच निवडली, कारण इंटरनेट तिथे नीट चालायचं. माझ्या फळीवर रंगाचे डबे रचले आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. समोर तीन प्रोफेसर दिसत होते. बोलणं परक्या भाषेत चाललं होतं, मला ओ की ठो कळलं नाही. पण मी तिचा आवाज ओळखतो. तो सुरुवातीला कापत होता, नंतर स्थिर झाला.

दाराआड चोखभाऊ तीच ती बिजागरी पुसत उभे होते. संपल्यावर आत येऊन त्यांनी विचारलं, "काय विचारलं गं?"

"या सगळ्यात तुमच्या वडिलांचं नुकसान झालं का, असं विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, झालं. आणि तरी ते म्हणतात, अर्धवट लिहू नको."

चोखभाऊ ती बिजागरी घेऊन पुढे निघून गेले.

निवड झाल्याचं कळलं, तेव्हा आईने भर दुकानात मुलीला मिठी मारली. चोखभाऊ सगळ्या गल्लीला सांगत सुटले. सांगत सांगत पेंटवाल्यांच्या दारात गेले आणि अडखळले. काकाच बाहेर आले. "पोरीनं नाव काढलं हो," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

जायच्या आदल्या दिवशी भली मोठी बॅग भरून झाली. विमानात ठरलेल्या वजनापेक्षा जास्त चालत नाही. ती बॅग डिजिटल काट्यावर ठेवायला गेले, तर त्याने लाल अक्षरांत काहीतरी चूक दाखवली आणि डोळे मिटले. एवढं ओझं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं! मग चोखभाऊंनी माझ्यावरचे डबे उतरवले, धूळ झटकली, सांध्यांना तेल दिलं. बॅग माझ्यावर चढली आणि माझी दांडी टणकन वर गेली.

"बाबा, यात काय घातलंय?"

बॅगेतून एक हातोडी, एक पक्कड आणि खिळ्यांची पुडी निघाली.

"परक्या घरात भिंतीला काही लावायचं झालं तर? कुणाकडे मागत फिरशील?" चोखभाऊ म्हणाले. "जरासंच तर जास्त आहे. मूठभर वरून."

"बाबा, विमानवाले मूठभर वरून चालवून घेत नाहीत."

चोखभाऊ हातोडी बाहेर ठेवू लागले. मुलीने त्यांचा हात धरला. तिने बॅगेतलं एक जाडजूड पुस्तक काढून बाकावर ठेवलं. "पुस्तक तिकडे मिळेल," ती म्हणाली. हातोडी आत गेली. पितळी वजन चोखभाऊंनी स्वतः सरकवलं. दांडी एकदा हलली, दोनदा हलली आणि मधोमध स्थिर झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मूठभर वरून टाकलं नाही. दांडीवरून त्यांचा हात मात्र निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून फोन आला. "बाबा, इथल्या काट्यावर अगदी तेवढंच भरलं!" चोखभाऊंनी फोन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "भरणारच," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात एखादा जुना काटा असेल, तर त्याला वर्षातून एकदा तेल द्या आणि जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. तो चांगला असेल तरीही तपासा, त्याला राग येणार नाही. आणि कृपा करून त्याच्यावर पाय ठेवू नका. सुट्टीत ती घरी येईल, दप्तर घेऊन माझ्यावर उभी राहील आणि विचारेल, "बाबा, आज मी केवढ्याची?" तेव्हा मला बरोबर सांगता आलं पाहिजे.