पेनाचं टोपण

साहेब गेले, आणि त्या दुपारी वकिलांच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या न्यायाधीशांचं नाव निघालं की भले भले वकील आवाज खाली आणत. आज त्यांची शोकसभा होती. वकीलबाई मागच्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. सांभाळणारीनं ऐन वेळी दांडी मारली होती आणि न येऊन भागणार नव्हतं. साहेबांपुढे वकिलीची उमेदवारी केलेल्यांच्या वतीनं तिलाच बोलायचं होतं.

काय बोलायचं ते पक्कं होतं. साहेब ऐकायचे कसे, ते. तिची पहिली मोठी केस त्यांच्यापुढेच चालली. एक आई आपल्या मुलाचा ताबा मागत होती. वकीलबाई उभी राहिली, पहिल्याच वाक्याला अडखळली, आणि साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. “बोल बाळ, मी ऐकतोय,” म्हणाले. दुपारभर ती बोलली; त्यांनी एकदाही टोकलं नाही. निकाल विरुद्ध गेला तेव्हा त्या आईनं विचारलं, वर अपील करायचं का? वकीलबाईनंच तिची समजूत घातली. पेन खाली ठेवून ऐकणारा माणूस तुमच्यावर अन्याय कसा करेल? अपील न करताच बाई डोळे पुसत गेली, ती गेलीच.

मग सभेत अप्पा बोलायला उठले. साहेबांचे वर्गमित्र, वकिलांमधले सगळ्यात जुने. मयताच्या घरीही माणसं हसवतील असे.

“आता गेलाच आहे, तर गुपित फोडतो,” ते म्हणाले. “यानं पेनाला टोपण लावलं की आम्ही ओळखायचो, निकाल झाला. पुढचं ऐकणं म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत पोचवणं. हा मनातल्या मनात बुद्धिबळ खेळत बसायचा, आणि नवी पोरं बिचारी घसा फोडायची.”

सभागृह खदखदून हसलं. साहेबांच्या पत्नीही डोळे टिपता टिपता हसल्या. वकीलबाईनं इकडेतिकडे पाहिलं. हे आजच कळलंय असा एक तरी चेहरा तिला हवा होता. शेजारी तिचे सर, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, पोट धरून हसत होते.

“सर, तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, सगळ्यांनाच. तुला सांगितलं असतं तर तू उभी तरी राहिली असतीस का?”

त्या आईची समजूत घातली तेव्हा सर पलीकडच्याच खुर्चीत चहा घेत होते, हे तिला आत्ता आठवलं. त्यांनी कप खाली ठेवला नव्हता की तोंड उघडलं नव्हतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. लेकरू झोपलं असेल, असू द्या, असं अध्यक्ष समजुतीनं म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना मौनासाठी उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. तिच्यासमोर काळ्या कोटांची भिंत उभी राहिली. सरांनीही मान खाली घातली.

लेक टक्क जागी होती. “आई, ऊठ ना,” ती कुजबुजली.

वकीलबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, तिला पोटाशी घट्ट ओढलं, आणि बसून राहिली.